राखी टोपीवाल्यांचे झाड

२ फेब्रुवारी

करवतीचा आवाज आज नदीच्या आमच्या वळणापर्यंत आला. नदी म्हणायची सवय आहे म्हणून नदी. डिसेंबरपासून तिच्यात वाळूच आहे.

जाऊन पाहिले. कोळसेवाल्यांच्या टोळीने दोन बाभळी आडव्या केल्या होत्या. टोळीचा पुढारी कंडागोर. मी त्याला पाचवीत शिकवले, दोन वेळा, कारण पहिल्या वेळी तो नापास झाला. त्यांना सरकारी परवाना आहे तो वेडी बाभूळ काढण्याचा. ती खरोखर माजली आहे, शेळ्यांचे दात किडतात तिच्या शेंगांनी. पण वेडी बाभूळ बारीक, वाकडी, टायर फोडणारी. आमची छत्रीची बाभूळ जाड, सरळ, कोळसा घट्ट.

"कंडागोर, ही वेडी बाभूळ आहे का?"

"नाही, बाई."

"मग?"

"करवत एकदा सुरू झाली की तिला ओळख राहत नाही, बाई." बाकीचे हसले.

"परवान्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं का तुला? की ते कुणी दुसऱ्याने वाचून दाखवलं?"

तो हसत राहिला. मग माझ्या घराकडे बोट केले. "पुढच्या महिन्यात तिकडे येऊ. ते तुमच्या दारासमोरचं झाड तुमच्या कुंपणात आहे का, बाई?"

"नाही."

"मग?"

माझाच शब्द मला परत दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढेच शिकवले म्हणायचे.

३ फेब्रुवारी

आज नीट मोजले. दारासमोरच्या झाडावर एकूण त्रेसष्ट घरटी. मागच्या फेब्रुवारीत अठ्ठावन्न होती. चौदा वर्षांचे आकडे माझ्या वहीत आहेत. शाळेतून निवृत्त होऊन या घरात आले त्या आठवड्यापासूनचे. तेव्हा माझे यजमान किमोसोप जिवंत होते. ते म्हणायचे, "हजेरी घेतल्याशिवाय तुला चहा जात नाही."

सुगरणीच्या जातीची ही पाखरे, पण सुगरणीसारखा दिमाख नाही. चिमणीहून लहान, मातकट, डोक्यावर तेवढी राखी टोपी. कडक गवताच्या काड्यांची घरटी, झाडभर, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाला खालून दोन दारे. इतर पाखरे पिल्ले उडाली की घरटे टाकून जातात. ही वर्षभर त्यातच झोपतात. सहा वाजता सगळी भांडत, ओरडत परत येतात, आणि साडेसहाला सामसूम. माझ्या ओळखीच्या माणसांपैकी इतक्या वेळेवर कोणीच घरी येत नाही. माझ्याकडे तर कोणी येणारेच नाही. किमोसोप गेले, मूल झाले नाही, आणि शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिसळून पत्रेसुद्धा काढून नेले.

हे झाड जाऊ देणार नाही.

९ फेब्रुवारी

वन खात्याला पत्र पाठवले. चार पाने.

२१ फेब्रुवारी

उत्तर आले. "आपला अर्ज संबंधीतांकडे पाठवीण्यात आला आहे." एका वाक्यात दोन चुका. लाल शाईने दुरुस्त करून, दहापैकी तीन गुण देऊन परत पाठवले. मठाच्या शाळेत मला शिकवणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांनी तीनही दिले नसते.

आणखी सहा झाडे गेली. भट्ट्यांचा धूर दिवसभर अंगणात बसून असतो. रात्री उशीला वास येतो.

२४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली आणि इतके दिवस आली नाही याची लाज वाटली.

वळणापलीकडे सगळे साफ झाले आहे, एक बाभूळ सोडून. तिच्यात मधाचा जुना ओंडका टांगलेला आहे. पोकळ केलेला, दोन्ही तोंडे झाकलेली, पोटावर कुळाची खूण कोरलेली. ज्या झाडात ओंडका, ते झाड ओंडकेवाल्याचे. त्याला कुऱ्हाड लावणाऱ्याच्या घरावर म्हातारे शाप घालतात, आणि मग त्याची आईसुद्धा त्याला जेवायला वाढत नाही. कंडागोरकडे दोन फोन आहेत, पण आई एकच आहे.

या असल्या गोष्टींना मी वर्गात रानटी खुळ म्हणत आले. असू दे. उद्या भावजींकडे जाते.

२५ फेब्रुवारी

चेसिरे भावजी म्हणजे किमोसोपांचे धाकटे भाऊ. सत्तरीला आले. या पट्ट्यात त्यांच्याइतके ओंडके कोणी लावलेले नाहीत. सून कोबिलोबरोबर राहतात. मुलगा लांब कुठेतरी ट्रक चालवतो आणि सणाला फोन करतो.

"वहिनी, त्या झाडात मधमाशा यायच्या नाहीत. पाखरांची केवढी कटकट तिथे."

"मला माशा नकोत. मला ओंडका हवाय."

"रिकामा?"

"रिकामा."

"म्हणजे खोटा."

"शोभेचा म्हणा."

ते खूप हसले. "मठातल्या बायांनी हेच शिकवलं होय तुम्हाला?"

"तुमची खूण कोरा आणि टांगा. बाईमाणसाची खूण चालत नाही, नाहीतर मीच चढले असते."

हसणे थांबले. म्हणाले, "खूण लावली की खोटं राहत नाही, वहिनी. मग ते पाळावं लागतं." उपदेश! तोही यांच्याकडून. स्वतःच्या हाताने चहा ओतला तो अर्धा कपात, अर्धा माझ्या चपलेवर. सकाळी दहा वाजता! मी तोंडावर विचारले, पिऊन बसलात का?

"थोडीशी," म्हणाले.

कोबिलो मान खाली घालून चूल फुंकत राहिली. बिचारीचे कसे दिवस जात असतील.

१ मार्च

ओंडका कोरताना बघत बसले. नजर समोरच्या डोंगराकडे आणि अंगठा लाकडावर. तीन आडव्या रेघा, एक खाच. माणसाने काम करताना कामाकडे बघावे, हे मी पाच वर्षांच्या मुलांना सांगत असे. सांगितले.

"हाताला पाठ आहे, वहिनी," म्हणाले.

पण रेघा सरळ आल्या. मान्य केले पाहिजे.

३ मार्च

ओंडका टांगला. भावजी दोर घेऊन चढले, माकडासारखे नाही पण चढले. कोबिलो खालून सारखी ओरडत होती, "उजवीकडे, मामंजी. आणखी एक हात वर. काटा आहे, काटा!"

मी तिला म्हणाले, "तू त्यांना शिकवतेस? पन्नास वर्षं ओंडके लावताहेत ते."

ती गप्प झाली. लगेच भावजींचा हात काट्यात गेला.

ओंडका अगदी घरट्यांमध्ये बसला आहे. सगळ्यांत जवळच्या घरट्यापासून हातभर. म्हटले, जरा लांब नसता का बसला? वरून उत्तर आले, "तुम्हीच म्हणालात ना, रस्त्यावरून दिसला पाहिजे!" ते खरेच. मीच म्हणाले होते.

उतरल्यावर विचारतात, "किती घरटी आहेत हो झाडात?"

समोर झाड, डोक्यावर ऊन, आणि मला विचारतात. माझ्या वहीची थट्टा, दुसरे काय. उत्तर दिले नाही.

१२ मार्च

कंडागोर आला. खाली उभा राहून वर बघितले. बराच वेळ. टोपी काढली, पुन्हा घातली.

"कोणाचा ओंडका, बाई?"

"वाचता येत नसेल तर खूण तरी ओळखता येते ना?"

"चेसिरेआजोबांचा." मग हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही तर म्हणायच्या हे सगळं खुळ आहे."

"तुझ्यासाठी नाही," मी म्हणाले.

टोळी करवत घेऊन गेली परत. आनंद व्हायला हवा होता. झाला, साधारण तासभर. मग अंगणातून बघितले तर वळणापासून टेकडीपर्यंत नुसते बुंधे. मध्ये हे एक झाड, आणि मी. वाचलेल्या माणसाने काय करायचे असते, ते मठात शिकवले नव्हते.

१९ एप्रिल

पाऊस झाला म्हणून महिनाभर लिहिले नाही. गवत आले. पाखरे वेड्यासारखी काड्या नेतात. सत्तर घरटी.

आणि आज दुपारी आकाशातून एक काळा ढग गुणगुणत आला आणि ओंडक्यात शिरला. माशा! रिकाम्या ओंडक्याचे नाटक करायला गेले आणि खरी वस्ती आली. भावजींना निरोप धाडला. ते आले, बुंध्याला कान लावून लहान मुलासारखे हसत उभे राहिले.

"जागा आवडली त्यांना, वहिनी. मोठा थवा आहे. राणी तरुण आहे."

"इतक्या खालून राणी दिसली?"

"आवाजावरून."

मोठेपणा मिरवायची संधी पुरुष सोडत नाहीत.

६ मे

दारे बंद व्हायला लागली. अंडी घालायची वेळ आली की ही पाखरे दोनपैकी एक दार आतून गवताने बुजवून टाकतात. आजपर्यंत एकेचाळीस घरट्यांचे एक दार बंद. वहीत यांना मी "एकदारी" लिहिते. एकेचाळीस हा चौदा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा आहे. जणू पलीकडची झाडे गेली ते यांना कळले आणि यांनी ठरवले.

भावजी रोज येतात. "आज किती?" हा पहिला प्रश्न. थट्टा नसावी. आता सांगते.

आज म्हणाले, "मोठ्याने सांगा, वहिनी, कुठल्या फांदीवर किती ते." सांगत गेले. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले झोपले. पण शेवटी म्हणाले, "उत्तरेच्या फांदीवरची नऊ विसरलात." मी विसरले होते.

१८ मे

कंडागोरने म्हाताऱ्यांची बैठक बोलावली. बायका कडेला बसतात. मी मध्ये खुर्ची टाकून बसले.

"हा ओंडका नाही, नाटक आहे," कंडागोर म्हणाला. "बाईंना पाखरं ठेवायचीत. मध काढलाच जात नसेल तर ती खूण कसली? काल लावला आणि आज झाड आपलं, असं उद्या कुणीही करेल."

आणि म्हातारे मान हलवायला लागले, कारण तो बरोबर बोलत होता. पहिल्यांदाच आयुष्यात मुद्देसूद, आणि तेही माझ्याविरुद्ध. नियम असा की माशा आल्या की पहिल्या बहराचा मध खूणवाल्याने स्वतःच्या हाताने काढून बैठकीत आणायचा. मग खूण पक्की. नाहीतर पुसली.

सगळे भावजींकडे बघायला लागले. ते जमिनीकडे.

"काढीन," म्हणाले. "अमावास्येला."

येताना वाटेत काठी टेकत हळूहळू चालत होते.

"वहिनी, अंडी आहेत ना घरट्यांत?"

"आहेत. काहींत पिल्लंही असतील."

"महिनाभर थांबलो तर?"

"तर करवत येईल."

"दुसरं कुणी चढलं तर? मी खाली उभा राहीन."

"स्वतःच्या हाताने, ऐकलंत ना? का, घाबरलात?"

"घाबरलो," म्हणाले.

"मग हा माझा डोक्याचा फडका बांधा आणि चुलीपाशी बसा. मी जाते वर!"

रस्त्यावरच्या बायका हसल्या. ते पण हसले. "नको, वहिनी. तुम्हाला शोभतो तो."

कोबिलोने माझ्याकडे असे बघितले की जणू मी तिला मारले. सासऱ्याचा एवढा पुळका मी पाहिलेला नाही.

२९ मे

उद्या अमावास्या. मध अंधारात काढतात, माशा अंधारात उडत नाहीत म्हणून. सालीच्या जुडीला विस्तव लावून धूर करायचा. ज्वाळा होऊ द्यायची नाही, नुसता धूर. काढताना बाईने जवळ उभे राहायचे नसते. मी घरात बसेन. खिडकी नदीकडे नाही.

सत्तरपैकी एकोणपन्नास एकदारी.

३१ मे

लिहिते.

काल रात्री आठ वाजता मी जपमाळ घेऊन बसले होते. नववा मणी असेल. खिडकी नदीकडे नाही, तरी भिंत पिवळी झाली.

बाहेर आले तोवर अर्धे झाड पेटले होते. घरटी कोरड्या गवताची. एका घरट्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, जणू कोणी मोजत चालले आहे. पाच मिनिटे लागली असतील. जास्त नाही. आवाज झाला, तो लिहीत नाही.

ज्यांना दोन दारे होती त्यांतली काही पडली, उडाली, अंधारात कुठे गेली माहीत नाही. एकदारीतली नाही.

भावजी फांदीवरून खाली पडले. दोन्ही हात भाजले, खांदा निखळला, माशांनी तोंड ओळखू येणार नाही असे केले. कोबिलो त्यांना मिठी मारून बसली होती. लोक जमले. कंडागोर पण, पाण्याची कॅन घेऊन.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "हातभर अंतरावर घरटी होती! पलिता कुठे धरताय ते बघायचं नाही? डोळे फुटले होते का तुमचे?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवले.

मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. सकाळी मी झाडाखाली गेले. घमेले घेऊन गेले होते. पाखरे त्यात भरली. मोजली नाहीत.

३ जून

दवाखान्यात गेले. त्यांची विचारपूस करायला नाही. खरे लिहायचे तर उरलेले बोलायला गेले होते.

नर्स ड्रेसिंग करत होती. विशीची पोर, चटपटीत. मला म्हणाली, "मावशी, आजोबांना दिसत नाही ते कधीपासून?"

"दिसतं त्यांना. बघून काम करायची सवय नाही, एवढंच."

तिने बॅटरी काढून त्यांच्या डोळ्यांत मारली आणि मला जवळ बोलावले. दोन्ही बुबुळांवर साय आल्यासारखे पांढरे. "मोतीबिंदू आहे, पिकलेला. उजेड तेवढा कळत असेल. बोटं विचारली, तर अंदाजाने सांगतात."

भावजी झोपले होते, की झोपल्यासारखे करत होते.

कोबिलोला बाहेर नेले. "किती दिवस?"

"दोन वर्षं, मोठ्या आई."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मामंजींनी शपथ घातली होती. ज्याला दिसत नाही त्याची खूण चालत नाही. कळलं असतं तर ओंडका उतरवला असता, आणि..." तिने हात झाडाच्या दिशेने केला. दवाखान्यातून झाड दिसत नाही. "म्हणायचे, वहिनीने आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं."

चहा. चपला. "उजवीकडे, मामंजी." एकतीस वर्षे मी मागच्या बाकावरच्या पोरांना फळा दिसत नाही हे त्यांच्या मानेवरून ओळखत असे. चष्मे मिळवून देत असे. त्याबद्दल मला एक प्रशस्तिपत्रकही आहे.

४ जून

काही नाही.

९ जून

बैठक झाली. मला बोलावले नव्हते, गेलेही नाही. पोळे ज्या झाडात जळते त्याला पुन्हा कोणी ओंडका लावत नाही, आणि ते झाड कोणाचेच राहत नाही. कंडागोर सांगायला आला. टोपी हातात.

"बाई, मी नाही कापत ते. दुसऱ्या कुणाला सांगतो."

"तूच काप. आणि बुंधा सरळ काप, तिरका नको. ओढून तोडायचं नाही."

"बाई..."

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड."

गेला. खरेच रडत होता की धूर होता, कोण जाणे. मी त्याला शिव्या देण्यासारखे त्याने काहीच केलेले नाही. हे सगळ्यांत वाईट आहे. राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

१२ जून

झाड पाडले. साडेदहाला सुरू केले, अकरा वाजून पाच मिनिटांनी संपले.

संध्याकाळी सहाला पाखरे आली. वाचलेली. एकोणीस. झाड जिथे होते तिथे येऊन हवेतच गोल फिरली, जिथे फांदी असायची त्या उंचीवर. मग माझ्या कुंपणाच्या तारेवर एकमेकांना चिकटून बसली. घरट्याशिवाय झोपायची त्यांना सवयच नाही.

१५ जून

अकरा.

२० जून

चार. तारेखाली दोन पडलेली.

२३ जून

सहाला बाहेर उभी राहिले. सातला आत आले.

८ जुलै

भावजींना घरी आणून पंधरा दिवस झाले. आज धीर करून गेले. ओसरीवर बसले होते, दोन्ही हात पांढऱ्या बोळ्यांसारखे मांडीवर. कोबिलो मक्याच्या पिठाची घट्ट उगाली भरवत होती. मी तिच्या हातातून ताटली घेतली. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "या हाताला मीठ आहे. वहिनी का?"

माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून नेले होते. मठात आम्हाला पापाची कबुली कशी द्यायची ते उत्तम शिकवले होते. एक शब्द आला नाही. मी म्हणाले, "डोळ्यांचं ऑपरेशन होतं. पंचवीस ऑगस्टला तालुक्याला शिबिर आहे. फुकट. अर्ध्या तासाचं काम. नाव देऊ का?"

"नको."

"का नको?"

"उघडून बघायचं काय, वहिनी?"

मी दुसरा घास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. मग विचारले, "सगळी गेली?"

करवत त्यांनी ऐकली असणारच. आवाज इथवर येतो.

"नाही," म्हणाले. माझ्या तोंडून गेले. "बरीच उडाली होती. वळणाच्या वरच्या अंगाला गेलीत. तिकडच्या बाभळीवर बांधताहेत."

"किती?"

"तेवीस. घरटी."

"आवाज येत नाही."

"इथून कसा येईल? कानही गेले का आता?"

ते हसले. आग लागल्यानंतर पहिल्यांदा. कोबिलो उठून आत निघून गेली.

मी खोटे बोलत नाही. शाळेच्या तपासणीतसुद्धा कधी बोलले नाही.

११ जुलै

पहाटे निघाले, नदीच्या वरच्या अंगाने तीन तास चालले. कुठेतरी असतील, अशी आशा. मी सांगितले ते खरे करता येईल, असे एखादे तरी झाड. दुपारपर्यंत बुंधे, वेडी बाभूळ आणि भट्ट्या. एका मेंढपाळाला विचारले. म्हणाला, "राखी टोपीवाली? ती तर तुमच्या वळणावर असायची ना, बाई?"

परत येताना पाय भरून आले. वाटेत त्यांच्या घराशी थांबले.

"आज किती?"

"सव्वीस."

"एकदारी?"

"पाच."

त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला.

१९ जुलै

एकतीस सांगितले. कोबिलो म्हणाली, "मोठ्या आई, बास करा." मी म्हणाले, उद्यापासून येत नाही. ती म्हणाली, तसं नाही, सकाळपासून ते तुमचीच वाट बघत असतात. मग काय करायचे? तिलाही माहीत नव्हते. दोघी अंगणात उभ्या राहिलो.

आता वेगळी वही केली आहे. त्यात फांद्यांची नावे लिहून ठेवते, म्हणजे चूक व्हायला नको. त्यांच्या लक्षात राहते.

२७ जुलै

कोबिलो धावत आली. मला वाटले, भावजी गेले.

"मामंजींनी नाव दिलं," म्हणाली. "स्वतःहून. शिबिरवाली बाई आली होती, तिला म्हणाले, लिहा माझं. तिने विचारलं, आजोबा, इतके दिवस नको म्हणत होतात. तर म्हणाले, वहिनीची पाखरं एकदा स्वतः मोजायचीत. पट्टी सुटली की आधी वळणाच्या वर न्या, मग घरी."

तिने माझा हात धरला होता. तिच्या हाताला राखेचा वास येत होता, सगळ्यांच्याच हाताला येतो आता.

पंचवीस ऑगस्टला एकोणतीस दिवस आहेत. जाऊ नका म्हणावे तर ते आंधळे राहतील. जा म्हणावे तर.

संध्याकाळी गेले. सांगून टाकायचे ठरवून गेले होते. ते दाढी करून बसले होते, कोबिलोकडून करून घेतलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेले. माझी पावले ओळखली आणि सरकून जागा केली.

"आज किती, वहिनी?"

"चौतीस," मी म्हणाले. "आणि उत्तरेच्या फांदीवर नवीन एक चालू आहे."

"मग पस्तीस धरा," भावजी म्हणाले. "त्या दिवसापर्यंत होईल पुरं."

पस्तीस लिहिले.